आजोबांच्या तीनशे पंधराला नवं लाकूड घालण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाकडे आजोबांची .३१५ बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली बोल्ट-अॅक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून भरायची) रायफल आहे. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रायफल पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडून आहे. दस्त्याला, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडाला, गळ्यापाशी तडा गेलाय, नळीवर गंज चढलाय. तिला नवं लाकूड घालून जुन्या विलायती शिकारी रायफलीचं रूप द्यायचंय, पुढच्या टोकाला घरात असलेल्या सांबराच्या शिंगाचा तुकडा बसवायचाय, आणि मग उसात शिरणारी रानडुकरं मारायची आहेत. "काका, लाकूड कुठलं घेऊ आणि सुरुवात कुठून करू?"

सुरुवात पोलीस ठाणं आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसपासून करा. थट्टा नाही.

मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेचा, आर्मरर; हत्यारं दुरुस्त करणारा. नोकरीतली बरीच वर्षं मराठा पलटणीबरोबर काढली, आणि घरी आल्यावर बेळगावात परवाना असलेल्या दुरुस्तीच्या दुकानात लाकूडकाम केलं. आता हात थरथरतो म्हणून पटाशी ठेवून दिली आहे, तोंड तेवढं चालू आहे. तुमच्यासारखी रायफल दुकानात यायची तेव्हा मी पहिल्यांदा कागद मागायचो, रायफल नंतर. परवाना आजोबांच्या नावाचा होता. ते गेले तसा त्या हत्याराचा ताबा कायदेशीर राहिला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की असं हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. तुम्ही दोन वर्षं उशीर केलाय. वकील सोबत घ्या, उशीर लपवू नका, जमा करून पावती घ्या. मग २०१६ च्या नियमांप्रमाणे वारस म्हणून तुमच्या नावावर परवान्याचा अर्ज करा. वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, पण तो मिळेपर्यंत रायफल तुमची नाही. माळ्यावरून काढून सुताराकडे नेलीत तर सुतारही अडकेल.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातले लोक हमखास विसरतात. परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. तो नुसता कर्नाटकाचा असेल आणि तुमची सासुरवाडी महाराष्ट्रात, चंदगडला असेल, तर शिनोळीच्या पुढे रायफल नेणं म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगणं. आपण दिवसातून दोनदा हद्द ओलांडतो, म्हणून ती आपल्याला दिसेनाशी होते. पोलिसाला दिसते.

लोखंडाचं काम, म्हणजे नळी, बोल्ट, चाप, हे परवानाधारक कारागिरालाच करू द्या. घरी तुम्ही करायचं ते लाकडाचं, तेही परवाना हातात आल्यावर.

आता रायफलीकडे येऊ. तुम्ही फोटो पाठवलेत ते सगळे मॉझरवर बांधलेल्या इंग्रजी रायफलींचे आहेत. एका अखंड लाकडात बसवलेली अॅक्शन, बारीक गळा, शिंगाचं टोक. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल भेट मिळाली ती रिग्बी कंपनीची रायफल त्याच जातीची, .२७५ बोअरची. तिची ऐट मलाही आवडते. पण तुमची रायफल त्या घराण्यातली नाही. ती ली-एनफील्डच्या घराण्यातली आहे, पलटणीतल्या थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीण. .३०३ हे लष्करी बोअर म्हणून इंग्रजांनी इथल्या नागरिकांना बंद केलं, तेव्हा शिकाऱ्यांसाठी मानलिखरच्या जुन्या ८ मिलिमीटर काडतुसावर .३१५ चालू झालं. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तेच पुढे नेलं. मॉझरचा बोल्ट पुढे, चेंबरपाशी कुलूप घालतो. हिचा मागे घालतो. मॉझरची स्प्रिंग बोल्ट उघडताना ताणली जाते, हिची बंद करताना, म्हणून शेवटच्या इंचाला हाताला ओढ लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागचा दस्ता वेगळा, पुढचा नळीखालचा फोर-एंड वेगळा, मध्ये लोखंडी खोबण. हिला अखंड लाकडाचं रूप द्यायला गेलात तर ना ती रिग्बी होईल ना ली राहील. दोन तुकड्यांतच ठेवा. विलायतेतल्या चांगल्या बंदूकवाल्यांनीही ली-अॅक्शनवर देखण्या शिकारी रायफली बांधल्या होत्या, त्या दोन तुकड्यांतच.

पलटणीत आमचे उस्ताद दस्त्याला कुंदा म्हणायचे. मी बेळगावचा, नवा रंगरूट; आमच्याकडे कुंदा म्हणजे दुधाची मिठाई. "कुंदा साफ करके लाओ" म्हटल्यावर मला दूध आटवल्याचा वास आला होता. अजून येतो.

तडा कशामुळे गेला हे तुम्ही विचारलंच नाही, आणि नेमकं तेच आधी बघायला हवं. या रायफलीचा दस्ता लोखंडी खोबणीत एका लांब बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट दस्त्याच्या पोटातून जातो आणि त्याचं डोकं मागच्या पट्टीखाली असतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, बोल्ट ढिला पडतो, दस्ता नखाएवढा हलायला लागतो. मग प्रत्येक बाराचा धक्का पूर्ण तोंडावर न बसता एका कडेवर बसतो आणि तिथून लाकूड फाटतं. म्हणजे लाकूड वाईट नव्हतं, आवळणारा आळशी होता. नवं लाकूड घालून बोल्ट तसाच ढिला ठेवलात तर पाच-पंचवीस बारांत तोच तडा त्याच जागी येईल.

पण म्हणून उठून लगेच स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. माझी पहिली चूक इथलीच. नवीन होतो, एका रायफलीचा दस्ता हलतोय म्हणून पट्टी काढून बोल्ट फिरवला. अर्धा वळसा झाला आणि पुढून 'कट्' असा आवाज आला. या घराण्यातल्या कित्येक रायफलींत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोर-एंडच्या मागच्या भागातल्या पत्तीत अडकलेलं असतं, बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून. बोल्ट फिरला की चौकोन फिरतो आणि फोर-एंडचं ढुंगण फाटतं. आधी फोर-एंड काढायचा, मग बोल्टला हात लावायचा. बसवताना उलटं, आधी दस्ता घट्ट आणि मग फोर-एंड. तो फाटका फोर-एंड उस्तादांनी माझ्या खाटेच्या डोक्याशी महिनाभर टांगून ठेवला होता.

फोर-एंड काढतानाही तो नळीच्या टोकाकडून तिरका ओढायचा नाही. दोन्ही हातांनी सरळ खाली घ्यायचा. तिरका ओढलात की आतले दोन कोपरे मोडतात, आणि त्या दोन कोपऱ्यांवर अख्ख्या रायफलीचा नेम उभा असतो.

लाकडाला हात लावण्याआधी लोखंड तपासून घ्या. बोल्टवरचा (दस्त्याच्या नव्हे, काडतूस आत ढकलणाऱ्या) नंबर आणि तो ज्यात सरकतो त्या लोखंडी बॉडीवरचा नंबर एकच आहे का ते बघा. नसेल तर कुणीतरी कधीतरी बोल्ट बदललाय, आणि ती रायफल गेजने मोजल्याशिवाय उडवायची नाही. परवानाधारक दुकानात हेडस्पेसचे (बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा मोजायचे) गेज असतात, काम दहा मिनिटांचं. आजोबांच्या पेटीत जुन्या रिकाम्या पुंगळ्या असतील तर त्याही घेऊन जा. बुडापासून थोडं वर चमकदार कडं किंवा बारीक चीर दिसली तर पुंगळी आतून ताणली जात होती. नळीतून उजेडाकडे बघा. वरवरचा तांबूस थर साफ होतो. आट्यांच्या (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चरांच्या) कडा खाऊन गेल्या असतील तर मात्र लाकडावर पैसे घालण्याआधी विचार करा. हा गंज बहुधा पोत्यामुळे नाही, जुन्या काडतुसांमुळे आलाय. त्यांच्या टोपीत क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं मीठ नळीत राहतं आणि आपल्या पावसाळी हवेत रात्रीत पाणी धरतं. ते तेलाने जात नाही, रॉकेलनेही नाही, मीठ पाण्यातच विरघळतं. पलटणीत उकळतं पाणी नळीतून ओतायचे, नळी हाताला चटका देईल इतकी तापली की स्वतःच कोरडी व्हायची, मग पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी लावून ओढायची, आणि तेल सगळ्यात शेवटी.

चापाच्या आतल्या पुर्ज्यांना कानस लावायची नाही. 'चाप हलका करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दुकानातून रायफल उचला आणि बाहेर पडा.

लाकूड. अक्रोड सगळ्यात उत्तम, हे खरंच आहे. हलकं, चिवट, पटाशीला गोड, आणि पावसात फार फुगत नाही. काश्मीरकडून येतं, महाग पडतं. आपल्याकडचे लोक म्हणतात घरी शिसव आहे, तेच वापरू. शिसव देखणं असतं, मीही दोन रायफलींना घातलंय. पण ते जड. एका घनमीटरला अक्रोड साधारण साडेसहाशे किलो भरतं तर शिसव आठशेच्या वर. दस्ता मागून जड झाला की नळी वर उचलते आणि रायफल खांद्यावर उथळ लागते. पुन्हा शिसव तोडायला स्वतःच्या शेतातल्या झाडालाही वनखात्याची परवानगी लागते. जुन्या घराची तुळई निघाली असेल तर गोष्ट वेगळी. साग घेऊ नका. दाराला, पलंगाला सागासारखं दुसरं लाकूड नाही, पण दस्त्याच्या बारीक गळ्यापाशी तो रेषेवर फाटतो. शिवाय त्याच्या पोटात वाळूचे कण असतात, पटाशीची धार तासाभरात मारतात.

कुठलंही घ्या, फळीची रेषा गळ्यातून सरळ लांबीने गेली पाहिजे. दस्त्याच्या मागच्या भागात नक्षी कितीही नाचू दे, गळ्यात ती शिस्तीत हवी. दुकानदार फळीला पाणी मारून नक्षी दाखवतो, तुम्ही गळ्याची जागा बघा. आणि वाळवण. एका व्यापाऱ्याकडून मी 'चार वर्षं मुरलेला' अक्रोड घेतला होता. मार्चमध्ये दस्ता केला, जुलैत तो पिळवटला. मागची पट्टी एका बाजूला कागदाएवढी वर. तेव्हापासून फळी आणली की तिच्या टोकांना मेण लावून, वजन करून, तारीख लिहून घरातच ठेवतो. दर महिन्याला पुन्हा तोलायची. सलग तीन महिने वजन हललं नाही तरच पटाशी. अथणीला राहणाऱ्याला हे फाजील वाटेल, पण जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला नाही.

मात्र तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला दस्त्याला नव्या लाकडाची गरजच दिसत नाही. तडा दोन बोटांचा आहे. जुनं लाकूड तेल पिऊन काळं झालंय एवढंच. एप्रिलच्या उन्हात दस्त्याला चॉक पावडरचा लेप देऊन काळ्या प्लास्टिकमध्ये ठेवा. तेल घामासारखं बाहेर येतं आणि पावडर ते पिऊन पिवळी पडते. खरवडा, पुन्हा लेप द्या. चार-पाच दिवसांत लाकूड कोरडं होतं. मग तडा अलगद उघडून त्यात पातळ इपॉक्सी, आणि आडवी पितळी खीळ. नीट केलं तर ती जागा मूळ लाकडापेक्षा मजबूत होते. आजोबांच्या गालाने गुळगुळीत केलेलं लाकूड तुम्ही फेकून देऊ नये असं मला वाटतं, पण ते तुमचं तुम्ही बघा.

फोर-एंड मात्र नवा लागेल, आणि खरं काम तिथे आहे. दस्ता लोकांना दिसतो, फोर-एंडचा आतला भाग कुणी बघत नाही, आणि गोळी कुठे जाणार हे तोच ठरवतो. धक्का बसला की बॉडी मागे सरकू बघते, आणि तिला अडवतात फोर-एंडमधले ते दोन कोपरे, इंग्रजीत ज्यांना ड्रॉज म्हणतात. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच जोराने टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसऱ्यात केसाएवढी फट राहिली, तर प्रत्येक बाराला रायफल थोडी वळते.

हे बसवायला मी काजळी वापरतो. दुकानात निळा-काळा लेप मिळतो, पण घरची चिमणी स्वस्त. पेटत्या चिमणीवर पत्रा धरायचा, काजळी बोटाने गोळा करायची, दोन थेंब तिळाच्या तेलात कालवायची. लोखंडावर इतकी पातळ पुसायची की खालचा रंग दिसला पाहिजे. मग बॉडी लाकडात ठेवायची, मोगरीने दोन टिचक्या, आणि सरळ वर उचलायची. लाकडात जिथे काळा ठिपका तिथे लाकूड जास्त आहे. फक्त तो ठिपका खरवडायचा, शेजारची जागा नाही. पटाशी ढकलायची नाही, ब्लेडसारखी उभी धरून ओढायची. निघणारी साल कांद्याच्या पापुद्र्याएवढी हवी. पुन्हा काजळी, पुन्हा टिचकी. पहिल्या दिवशी तीन ठिपके दिसतात. दुसऱ्या दिवशी दहा. सारी बैठक एकसारखी राखाडी ठिपक्यांनी भरली की थांबायचं.

आमच्या दुकानाशेजारी एक मेस्त्री होता, दारं-खिडक्यांचा पक्का कारागीर. तो चार दिवस मला बघत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "आवो, कितीदा काळं करूलालासा? माझी अख्खी चौकट झाली एवढ्यात." मी म्हटलं, तुझ्या चौकटीला दर वेळी बाराचा धक्का बसत नाही. मग तोच बसला, आणि खरं सांगतो, दुसऱ्या रायफलीचा डावा कोपरा त्याने माझ्यापेक्षा चांगला बसवला. तुमच्या गावात असा सुतार असेल तर त्याला सोबत घ्या. लाकूड रायफलीपाशी न्यायचं आणि तुमच्या डोळ्यांसमोर. रायफल त्याच्या घरी सोडायची नाही.

मॉझरच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. तिथे मागच्या शेपटीमागे थोडी फट मुद्दाम ठेवतात, नाहीतर धक्क्याने शेपूट पाचरीसारखी घुसून गळा फोडते. मॉझरवाल्यांचा सल्ला लीला लावून कोपऱ्यांत फट ठेवणारे मी पाहिलेत.

मापं तुमच्या अंगाची घ्या, फोटोतल्या साहेबाची नको. जुन्या सरकारी दस्त्यांवर आखूड, मध्यम, लांब अशी मापं असायची आणि वर अक्षर ठोकलेलं असायचं, कारण सगळे जवान एका उंचीचे नसतात. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर चापावर यायला हवं. बहुतेकांना साडेतेरा इंच पुरतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि उघडा. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत आपोआप आली तर दस्ता तुमचा. मान वाकवून शोधावी लागली तर नाही. दुर्बीण लावणार असाल तर गालाची जागा उंच लागेल, आणि मग ते जुनं रूप विसरा.

सांबराचं शिंग लावायचं नाही. शिंग घरात आहे म्हणता, पण त्याचा मालकी दाखला आहे का?  आजोबांनी कधी कागद केला असेल तर तो शोधा, नसेल तर वकिलाशी बोलताना शिंगाचाही विषय काढा. रायफलीच्या टोकाला ते बसवणं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा पॉलिश करून मिरवणं. विलायती कारागीरही बरेचदा म्हशीचं शिंगच वापरत. काळंभोर, पॉलिशला सुंदर, आणि आपल्याकडे म्हशींना तोटा नाही. पाण्यात उकळून मऊ करून चपटं करायचं आणि महिनाभर वाळू द्यायचं. वास सहन करायची तयारी ठेवा, बायकोला आधी सांगा.

फिनिशला जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. तळहाताने चोळायचं, हात गरम होईपर्यंत, आणि उरलेलं पुसून टाकायचं. जाड थर दिलात तर ते वाळत नाही, चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी मजेत वाढते. हे काम दिवाळी ते होळी या दिवसांतच. जूनमध्ये सुरू केलेला दस्ता मी गणपतीपर्यंत चिकट बघितलाय. आतल्या खाचांना आणि दस्त्याच्या मागच्या तोंडालाही तेल द्या. पाणी शिरतं ते तिथूनच. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून बाहेर वाळत घाला.

नेम लावायला अधिकृत रेंज लागते. शेतात नाही. आपल्याकडच्या क्लबांत बहुतेक एअर आणि पॉइंट टू-टू चालतात, म्हणून मोठ्या बोअरला जागा कुठे मिळते ते विक्रेत्याला विचारा. आधी २५ यार्डांवर कागदात आणा, मग १००. फोर-एंडखाली मॅगझिनच्या जरा पुढे वाळूची पिशवी, नळी कशालाही टेकलेली नको. तीन-तीन बार, मध्ये नळी निवू द्या. तेल लावलेल्या नळीचा पहिला बार मोजायचा नाही. छिद्रं आडवी पसरली तर मी कोपरे उघडून बघतो, उभी पसरली तर आधी दस्त्याचा बोल्ट आवळतो आणि मग काडतुसांवर संशय घेतो. .३१५ ची गोळी जड, २४४ ग्रेनची, चालीला सावकाश. शंभर यार्डांपलीकडे ती लवकर खाली येते.

राहिली डुकरं. मी शिकारी घरातला आहे, म्हणून मला नाक मुरडता येत नाही. वडिलांबरोबर १९६८ च्या हिवाळ्यात मी नागरगाळीच्या बाजूला हाक्याला गेलो होतो, सोळा वर्षांचा. तेव्हा वनखात्याचा परवाना मिळायचा. वडील जागेवर बसले की आधी दोन डहाळ्या मोडून डाव्या-उजव्या बाजूला रोवायचे. त्यांच्या पलीकडे नळी फिरवायची नाही, तिकडे आपली माणसं. हाका वर आला आणि एक मोठा एकांडा टेकाडाच्या माथ्यावर येऊन उभा राहिला, आभाळाला पाठ टेकून. साठ पावलं. मी श्वास धरला. वडिलांनी रायफल खांद्याला लावली, आणि खाली घेतली. डुक्कर निघून गेलं. हाकेवाले रात्री जेवणापर्यंत कुरकुरत होते. वडील एवढंच म्हणाले, "त्याच्या मागं काय हुतं, मला दिसत न्हवतं." रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते. टेकाडाची माती मागे असेल तर तिथेच गाडली जाते. उसाच्या सपाट शेतात मागे काहीच नसतं, उसात मात्र माणसं असतात.

दुसऱ्या दिवशी एक डुक्कर जखमी झालं. वडिलांनी कुणालाही जागचं हलू दिलं नाही. एक विडी ओढून झाली, मग दुसरी. मग त्यांनी रक्त बघितलं. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, ते लांब जात नाही. गडद असेल तर यकृत, आणखी थांबा. हिरवट घाण मिसळली असेल तर पोट, तेव्हा तासभर थांबायचं आणि सगळ्यात जुन्या माणसाने पुढे व्हायचं. त्या दिवशी रक्त गडद होतं. झुडपात ते शेवटपर्यंत तोंड आमच्याकडे करूनच बसलं होतं.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. आज डुक्कर त्या कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या अनुसूची दोनमध्ये आहे. पीक खातं म्हणून स्वतःच बार टाकणं गुन्हा आहे, रायफलीला परवाना असला तरीही. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, उभ्या पिकाच्या नुकसानीसाठीसुद्धा. ती ज्याच्या नावाने असेल त्यानेच, तिच्या अटींतच. मारलेलं जनावर सरकारचं असतं, रस्सा विसरा. कोडगूतल्या (कुर्गातल्या) काही लोकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे म्हणून काही जण 'त्यांना चालतं, आपल्याला का नाही' म्हणतात. ती सूट बंदूक बाळगण्यापुरती आहे, शिकारीची नाही.

तोवर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज घाला, फोटो पहिल्या सकाळचे हवेत. सौर कुंपण चांगलं काम करतं, पण खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी आणि तिच्याखालचं गवत दर आठवड्याला कापायला हवं, नाहीतर करंट गवतात जातो आणि डुक्कर नाक घालून आत. घरच्या विजेची तार उघडी सोडू नका. खानापुरात हत्तीही फिरतात, आणि रात्री पाण्याची पाळी द्यायला शेजारी येतो.

पुढच्या वेळी दस्त्याचा फोटो नको. परवाना झाल्यावर फोर-एंड सरळ खाली काढा, आतले दोन्ही कोपरे उजेडात धरा आणि त्यांचा फोटो पाठवा.